चष्म्यातला समंध

'पुराना मंदिर' हे नाव काढलं तर आमच्या वयाची माणसं अजून हसतात आणि हसता हसता एकदा मागं वळून बघतात. पण 'थ्रीडी सामरी' म्हटलं तर दहातल्या नऊ जणांना काही आठवत नाही. दोन्ही सिनेमे रामसे बंधूंचे. पहिला १९८४ सालचा, दुसरा त्याच्या मागोमाग १९८५ चा. पहिल्यानं गावंच्या गावं घाबरवली. दुसरा कधी आला आणि कधी गेला, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. पिकात जसा खोडवा असतो ना, तसा तो. लागणीच्या उसाचं वजन खोडव्याला येत नाही, पण चघळायला तो गोडच लागतो.

मी ह्या खोडव्याबद्दल लिहायला बसलोय. तो काही थोर सिनेमा नव्हे. पण आमच्या भागात सिनेमा कसा आला, माणसं कशाला भ्याली आणि कशाला हसली, ह्याचा इतिहास सांगायचा तर ह्या पडलेल्या सिनेमाचा उपयोग मला जास्त वाटतो. गाजलेल्याबद्दल सगळेच सांगतात.

आधी रामसे कोण, ते सांगतो. नाव ऐकून आम्हाला वाटायचं की हे कुणी गोरे साहेब असतील. तसं नव्हतं. मूळ आडनाव रामसिंघानी, माणसं सिंधी, कराचीची. वडील फतेहचंद यांचं तिथं रेडिओचं दुकान. इंग्रज गिऱ्हाइकांना रामसिंघानी म्हणता येईना, म्हणून रामसे झालं. फाळणीत सगळं सोडून कुटुंब मुंबईला आलं, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचं दुकान टाकलं आणि मग म्हातारा सिनेमाच्या धंद्यात शिरला. भगतसिंगांवर सिनेमा काढला, 'रुस्तम सोहराब' काढला. १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण पोरांनी थेटरात बसून एक गोष्ट हेरली. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करायला येतो, तेवढ्या एका प्रसंगाला लोक दचकत होते, शिट्ट्या मारत होते. बाकी सिनेमात कुणाला रस नव्हता. पोरांनी बापाला सांगितलं, लोकांना एवढंच आवडतंय तर पुरा सिनेमाच असा काढू.

सात भाऊ होते. एक लिहिणार, एक आवाज बघणार, एक कॅमेरा धरणार, एक रिळं जोडणार. तुलसी आणि श्याम हे दोघं दिग्दर्शक. बाहेरचा माणूस लावायला पैसा नाही, म्हणून घरच्या घरी वाटून घेतलेलं काम. आपल्याकडं पेरणीला एक जण पाभर धरतो, एक बी सोडतो, एक बैल हाकतो, तसंच की हे. १९७२ साली त्यांचा पहिला भुताचा सिनेमा आला, 'दो गज जमीन के नीचे'. त्याचं चित्रीकरण झालं आमच्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला. सगळं कुटुंब गाडीत बसून गेलं, गेस्ट हाऊसात राहिलं. बायका स्वयंपाक बघत आणि पुरुष भूत उभं करत.

हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं आणि मोठी गंमत वाटली. १९७२ म्हणजे दुष्काळाचं साल. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरच्या धुक्यात ही माणसं भूत तयार करत होती, त्याचा सिनेमा बाहेर आला त्या सालात आम्ही पूर्वेकडं खटाव-माणला दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, सुकडी आणि लाल मिलो खात होतो. जिल्हा एकच. एका टोकाला पाऊस मावत नाही आणि दुसऱ्या टोकाला मिळत नाही. तेव्हा आम्हाला पडद्यावरच्या भुताची गरज नव्हती.

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि जत्रा पुन्हा भरायला लागल्या. आमच्याकडं सिनेमा म्हणजे जत्रा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची जत्रा असो, पालीचा खंडोबा असो, म्हसवडचा सिद्धनाथ असो, जनावरांच्या बाजारापलीकडं तंबू टॉकीज लागलेलीच. ट्रकमधनं मशीन यायची. डिझेलवरचं जनित्र एका कडंला धडधडत असायचं. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींसमोर धरून ठिणगी पाडायची आणि त्या उजेडावर चित्र फेकायचं. कांडी जळत जाईल तशी ऑपरेटरनं ती पुढं सरकवायची. त्याचा डोळा लागला की पडद्यावर अंधार पडायचा आणि तंबूत शिव्यांचा पाऊस. खाली जमीन, बसायला घरनं आणलेलं पोतं. मधे कनात, एका बाजूला गडी आणि दुसऱ्या बाजूला बायका. गर्दी झाली की पडद्याच्या मागंही माणसं बसायची. तिथनं चित्र उलटं दिसायचं, म्हंजे डावरा व्हिलन उजव्या हातानं सुरा मारायचा. पण तिकिटाला पैसे कमी पडत, म्हणून कुणी तक्रार करत नसे.

'पुराना मंदिर' मुंबईला लागला १९८४ च्या ऑक्टोबरात. त्याच महिन्याच्या शेवटी इंदिरा गांधींची हत्या झाली. आमच्याकडं तो आला पुढच्या चैत्रातल्या जत्रेला. गोष्ट अशी, की दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा एक राक्षसी माणूस असतो. राजा हरिमान सिंग त्याचं मुंडकं उडवतो. मरता मरता सामरी शाप देतो, तुझ्या वंशातली बाई बाळंत होताना मरेल. मुंडकं एका पेटीत बंद आणि धड दुसरीकडं पुरलेलं. पुढच्या पिढीतली पोरगी आणि तिच्यावर जीव असलेला पोरगा त्या जुन्या हवेलीकडं जातात. पोरगा म्हणजे नूतनचा मुलगा मोहनीश बहल. मग पेटी उघडते, मुंडकं धडाला जुळतं आणि सामरी उठतो.

सामरी झालेला माणूस पडद्यावर आला की तंबूतली पोरं आईच्या पदरात शिरायची. त्याचं नाव अनिरुद्ध अग्रवाल, पडद्यावर अजय अग्रवाल लावायचे. उंच, हाडकुळा, लांबट चेहरा, खोल डोळे. हा गडी रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. पुढं 'बँडिट क्वीन'मध्ये बाबू गुज्जर झाला तो हाच. सिनेमात आमच्या ओळखीचीही माणसं होती. ललिता पवार होत्या, आणि नगरचे सदाशिव अमरापूरकर होते. अमरापूरकर दिसले की 'आला आपला' म्हणून आरोळी व्हायची, मग तो काहीही करो. त्रिशूळ दिसला की कुणीतरी 'हर हर महादेव' म्हणायचंच. मधेच जगदीप 'शोले'ची नक्कल करायला लागायचा आणि सगळा तंबू हसायचा.

पण कनातीपलीकडं बायका हसत नव्हत्या. हे मला त्या रात्री जाणवलं होतं, कारण एरवी बायकांच्या बाजूचा गलबला जास्त असायचा. बाळंतपणात बाई मरते हा तिकडं शाप असेल, आमच्याकडं ती नेहमीची बातमी होती. दवाखाना बारा किलोमीटरवर. पावसाळ्यात ओढा आला की बैलगाडी अलीकडंच. प्रत्येक घरात अशी एखादी चुलती, एखादी थोरली बहीण होती, जिचं नाव टाकावर नव्हतं पण तोंडात होतं. सामरी काही आमच्या ओळखीचा नव्हता, त्याची हवेली ओळखीची नव्हती, पण ते मरण घरचं होतं. म्हणून तो सिनेमा लागला. रबरी मुखवटे सगळ्यांनीच लावले, पण ह्या शापाला हात घालायचं त्यांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

पैसा झाला, तसं रामसेंनी लगेच दुसरा काढायचं ठरवलं. नाव तेच, सामरी. भूत झालेला नटही तोच. आरती गुप्ता पुन्हा, पुनीत इस्सर पुन्हा, जगदीप पुन्हा. वरनं प्रेम चोप्रा आणि गुलशन ग्रोव्हर. गोष्टीचा मात्र पहिल्याशी काही संबंध नाही. पहिल्यातला सामरी शेकडो वर्षांपूर्वीचा राक्षस, दुसऱ्यातला सामरी आजच्या काळातला पैसेवाला माणूस. लोक जाणार ते नावाला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि नावाच्या जोडीला त्यांनी एक नवं औत जोडलं, ते थ्रीडीचं.

ती त्या वर्षाची हवाच होती. १९८४ च्या ऑगस्टात केरळात 'माय डिअर कुट्टिचातन' आला, तो देशातला पहिला थ्रीडी सिनेमा. नवोदयवाल्या अप्पच्चन यांनी काढलेला, त्यांचा मुलगा जिजो दिग्दर्शक. तोच पुढं 'छोटा चेतन' म्हणून हिंदीत बघितला आपण. १९८५ ला हिंदीत जॅकी श्रॉफचा 'शिवा का इन्साफ' थ्रीडी आला आणि मग हा सामरी. अमेरिकेतही दोन-तीन वर्षांमागं हेच झालं होतं. 'फ्रायडे द थर्टीन्थ' ह्या तरण्या पोरापोरींना कापून काढणाऱ्या सिनेमाचा तिसरा भाग १९८२ ला थ्रीडीत, 'जॉज'चा तिसरा १९८३ ला थ्रीडीत, 'अमिटीव्हिल'चा तिसराही त्याच साली थ्रीडीत. जगभर एकच रीत. सांगायची गोष्ट संपली, की बघणाऱ्याच्या डोळ्यावर चष्मा चढवायचा.

आम्ही पोरं वाट बघत बसलो, की तंबूत थ्रीडी सामरी येणार. तंबूवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ते आपल्या पडद्यावर व्हायचं नाय." का, ते त्यालाही नीट सांगता येईना. मला पुढं वाचून कळलं. त्या वेळच्या ह्या थ्रीडीत दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं एकाच वेळी पडद्यावर पडतात. मशीनच्या भिंगापुढं दोन चाळण्या असतात. एका चित्राचा उजेड एका दिशेनं चाळून येतो, दुसऱ्याचा दुसऱ्या दिशेनं. चष्म्याच्या दोन काचाही तशाच चाळण्या. उजव्या काचेतनं उजवंच चित्र आत येतं, डाव्यातनं डावंच. मग मेंदू दोन्ही जुळवतो आणि चित्र पडद्यातनं पुढं आल्यासारखं वाटतं. पण त्यासाठी पडदा चंदेरी लागतो. धातूचा मुलामा असला तर उजेड आला तसाच परत फिरतो. पांढऱ्या कापडावर पडला की तो विस्कटतो, दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात आणि चष्मा घालूनही सगळं दुहेरीच दिसतं. आमच्या तंबूचा पडदा म्हणजे मांजरपाटाचं शिवलेलं कापड, त्याला दोन ठिकाणी ठिगळं. शिवाय पडद्यामागं बसणाऱ्यांनी कुठला चष्मा घालायचा?

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. तोवर मुंबईत लागलेला सिनेमा उशिरा का होईना, रिळं घासून का होईना, तंबूत यायचा. शहर आणि खेडं तोच सिनेमा बघायचं. थ्रीडी सामरी हा आमच्या माहितीतला पहिला सिनेमा, जो आमच्यापर्यंत येऊच शकत नव्हता. त्याला पक्कं थेटर पाहिजे, चंदेरी पडदा पाहिजे, चष्मे पाहिजेत.

म्हणून मग आम्हीच गेलो. बाजरीची सुगी उरकली होती. चौघं जण सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या गावाला. थेटरच्या दारात पुठ्ठ्याचे चष्मे देत होते आणि परत करायची तंबी देत होते. आमच्या पुढं एक फेटेवाले म्हातारबा होते. त्यांनी आपला कानाला दोरी बांधलेला चष्मा तसाच ठेवून त्याच्यावर पुठ्ठ्याचा चढवला आणि विचारलं, "आता डबल दिसंल का रं?" पुनीत इस्सर पडद्यावर आला की मागनं शिव्या सुरू झाल्या. कारण 'कुली'च्या वेळी ह्याचाच ठोसा लागून अमिताभ मरणाच्या दारात गेला होता, ते लोक विसरले नव्हते. हाच गडी पुढं महाभारतात दुर्योधन झाला.

मजा आली, हे खरंच सांगतो. पडद्यातनं हात पुढं आला की अख्खं थेटर मागं रेलायचं. कुणी हवेत हात मारून बघायचा. एकानं तर खुर्चीखाली डोकं घातलं आणि वर येताना पुढच्याच्या टोपीला धडकला. पण भीती वाटली नाही. माणूस दचकला म्हणजे भ्याला असं नसतं. बैलानं शेपटी मारली तरी आपण दचकतो. भीती ही घरी गेल्यावर अंथरुणात येते. 'पुराना मंदिर' बघून आल्यावर आमची पोरं आठ दिवस रात्री परड्यात जात नव्हती. सामरी बघून एसटीत सगळे दात काढत होते.

एक सोडून.

चौथा जो सोबती होता, तो मध्यंतरानंतर गप्प झाला होता. त्यानं चष्मा काढून हातात धरला होता आणि दुहेरी चित्राकडं तसाच बघत होता. सिनेमा संपायच्या आधीच म्हणाला, "चल, गाडी चुकंल." गाडीला अजून दोन तास होते.

सिनेमाची गोष्ट काय होती, ते आता सांगतो. सामरी हा श्रीमंत म्हातारा, मंत्रतंत्र करणारा. त्याची इस्टेट घरातल्या एका तरुण मुलीकडं जायची असते. आसपासच्या माणसांचा त्या पैशावर डोळा. ते सगळे मिळून म्हाताऱ्याला मारतात. मेलेला सामरी उठून येतो आणि एकेकाचा हिशेब करतो. बस्स, एवढीच गोष्ट. दिग्दर्शकानं ती चष्म्याला अडकवायला खुंटी म्हणून घेतली असणार. पण आमच्या भागात ह्या गोष्टीला नाव आहे.

आमच्याकडं भुतांच्या जाती ठरलेल्या. मुंज झाली पण लग्न झालं नाही असा पोरगा मेला तर मुंजा, तो पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ. पाण्यात साती आसरा. रानात वाट चुकवतो तो चकवा. आणि ज्याचा जीव जमिनीत, पैशात गुंतलेला राहिला, ज्याचं मागं कुणी रीतीनं केलं नाही आणि त्याचं दुसऱ्यानंच खाल्लं, तो समंध. समंध वाटसरूला धरत नाही. तो खाणाऱ्यालाच धरतो. म्हातारी माणसं सांगायची, समंधाचं शेत कसायला घेऊ नये, पिकलेलं पोटात राहत नाही.

म्हंजे बघा, पहिल्या सिनेमातली हडळ आणि दुसऱ्यातला समंध. कराचीतनं आलेल्या सिंधी भावांनी विलायती सिनेमे बघून हवेल्या, धुकं, पेट्या उभ्या केल्या, पण आत बसवलेलं भूत दोन्ही वेळेला आपल्याच मातीतलं निघालं.

माझ्या सोबत्याच्या घरी असाच एक म्हातारा होता. सोबत्याच्या बापाचा चुलत चुलता. बायको मेलेली, एक लेक, ती लांब दिलेली. सात एकर रान आणि विहिरीत पाळी. नजर गेली होती. पुतण्यांनी एके दिवशी बैलगाडी जुंपून तालुक्याला नेलं. सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे म्हणून अंगठा घेतला. कागद खरेदीखताचा होता. दोन वर्षांनी म्हातारा तलाठ्याकडं उतारा मागायला गेला, तेव्हा उताऱ्यावर त्याचं नावच नव्हतं. तिथनं तो घरी आला तो गोठ्यात जाऊन बसला आणि पुढं गोठ्यातच राहिला. कुणाशी भांडला नाही. रोज सकाळी काठी टेकत विहिरीपर्यंत जायचा, थारोळ्यात हात घालून पाणी किती गार आहे ते बघायचा आणि परत यायचा. एका पावसाळ्यात विहिरीतच सापडला. पाय घसरला म्हणाले. डोळ्यानं दिसत नव्हतं, पाय घसरलाही असेल.

लेक आली, रडली, तेराव्याला गेली. कायद्यानं ती वारस होती. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या स्वतःच्या मिळकतीत लेकीला हक्क दिलेला आहे. पण मिळकतच कागदावर दुसऱ्याची झाल्यावर वारस कशाची? आणि तिला हे सांगणार कोण? त्या घरातलं कुणी संध्याकाळनंतर विहिरीवर जाईना. रात्रीची पाळी आली की गडी पाठवायचे. गावात कुणी उघड बोलत नव्हतं, पण विहिरीचं नाव पडलं ते पडलंच.

माझा सोबती तेव्हा पोरगाच होता. बैलगाडी त्यानं हाकली होती. हे मला त्यानं थेटरात सांगितलं नाही, एसटी स्टँडवरच्या दोन तासांत सांगितलं.

पुढची वीस वर्षं भराभर गेली. सामरीनंतर थ्रीडीची हवा विरली. चष्मे परत करायला कुणी थांबत नसे आणि डोकं दुखतं म्हणून माणसं दुसऱ्यांदा जात नसत. गावागावांत व्हिडिओ आला. गणपतीत, बारशाला, लग्नाच्या दुसऱ्या रात्री भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन-चार सिनेमे. तंबूची गर्दी तिथनं ओसरायला लागली. १९९० ला रामसेंनी 'बंद दरवाजा' काढला, त्यातलं भूतही अनिरुद्ध अग्रवालच. १९९३ ला तर तेच 'झी हॉरर शो' घेऊन घरातच आले. गावात डिश नव्हती तेव्हा पोरं तालुक्याला पाहुण्यांकडं मुक्काम करून बघायची. त्याच साली मराठीत महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. तात्या विंचू आमच्या तंबूत पोटभर चालला. आणि गंमत बघा, २०१३ ला त्याचा दुसरा भाग निघाला तो थ्रीडीत. मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा म्हणजे भुताच्याच सिनेमाचा खोडवा!

तंबूवाले एकेक करून बसले. कुणी मशीन भंगारात घातली, कुणी ट्रक उसाच्या वाहतुकीला लावला. ह्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आपल्याच भागातल्या जत्रांमधनं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ ला तो फ्रान्सच्या कान महोत्सवात गौरवला गेला. तुलसी रामसे २०१८ च्या डिसेंबरात गेले आणि श्याम रामसे २०१९ च्या सप्टेंबरात. पेपरात कोपऱ्यात बातमी होती.

गेल्या पावसाळ्यात झड लागली होती, रानात जाता येत नव्हतं. नातवानं मोबाईलवर 'थ्रीडी सामरी' काढून दिला. वीतभर पडद्यावर, चष्म्याशिवाय, चहा पीत पुरा बघितला. फार हसलो. सिनेमा सपाट झाल्यामुळं त्याची सगळी सोंगं उघडी पडतात. माणसं विनाकारण आपल्याकडं हात लांब करतात. साधं बोलतानाही वस्तू आपल्या नाकासमोर धरतात. त्या वेळी आम्ही ज्याला हवेत पकडायला गेलो, ते आता नुसतं कॅमेऱ्यापुढं हलवलेलं दिसतं. नातू म्हणाला, "आजोबा, हे सगळे असं का करतायत?" त्याला चष्म्याचं सांगता सांगता माझ्या नाकीनऊ आले. विनोद शिळा, मारामाऱ्या लुटुपुटीच्या, भुताच्या तोंडावरचं रबर कडंला दिसतं. तरी सिनेमा बंद करावासा वाटला नाही. माणसांनी मन लावून, घाम गाळून केलेली ती खोटी भीती आहे. तिच्यात लबाडी आहे, पण आळस नाही. आजच्या संगणकी भुतांना तो घामाचा वास नाही.

आणि म्हाताऱ्याला मारतात तो भाग आला, तेव्हा मी आता म्हाताऱ्याच्या बाजूनं बघत होतो. चोविसाव्या वर्षी सगळं लक्ष भुताकडं होतं. आता लक्ष गेलं ते मारणाऱ्यांच्या कुजबुजीकडं. अगदी तशीच कुजबुज मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर चहाच्या गाड्यावर ऐकलेली आहे. १९९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला देशानं कायदा करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत लेकीला लेकाबरोबरीचा वाटा दिला. त्यानंतर आमच्या भागात हक्कसोडपत्रांना ऊत आला. दिवाळीला, पंचमीला बहीण माहेरी येते, साडी घेते आणि जाताना सही करून जाते. सगळ्याच बहिणींना फसवतात असं नाही, कित्येक जणी माहेर तुटू नये म्हणून समजून उमजून सही करतात. पण सही न करणारीला पुढच्या पंचमीला गाडी पाठवत नाहीत, हेही खरं आहे. तिच्या बाजूनं मेलेला बाप उठून येत नाही. सिनेमात तो येतो, म्हणून तर आपण तिकीट काढतो.

माझ्या सोबत्याचं सांगायचं राहिलं. बाप असेपर्यंत तो काही बोलला नाही. बाप गेल्यावर पहिल्याच पितृपक्षात त्यानं त्या चुलत आजोबाचा म्हाळ घातला. घरात बोंबाबोंब झाली, की त्याचा म्हाळ घालणारे आपण कोण. तो म्हणाला, "खाल्लंय आपण, मग घालायचा कुणी?" चार वर्षांनी वाटण्या झाल्या. सात एकरातलं दीड एकर त्याच्या वाट्याला आलं, विहिरीकडंचंच, कारण बाकीच्या भावांना ते नको होतं. त्यानं ते म्हाताऱ्याच्या लेकीच्या नावावर करून दिलं. तोवर तीही म्हातारी झाली होती. दोन्ही भावांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. सिनेमामुळं त्यानं हे केलं असं मी म्हणणार नाही. बैलगाडी त्यानं हाकली होती, ते त्याला सिनेमा बघायच्या आधीपासनं ठाऊक होतं.

त्या दीड एकरात आता लेकीचा नातू आलं करतो, ठिबक टाकून. विहिरीवर रात्री बारालाही मोटार चालू करायला एकटा जातो. त्याला त्या विहिरीचं जुनं नाव माहीत नाही. आम्हीही सांगितलेलं नाही.